पाचव्या रांगेतली वहिवाट

पत्नी शनिवारी येणार आहे म्हणून तिच्यासाठी सोमवारपासूनच खुर्ची धरून ठेवणं, यात विक्षिप्त असं काय आहे, हे मला अजूनही कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. ‘विक्षिप्त’ हा शब्द माझा नाही. तो सोमवारी संध्याकाळी नाट्यगृहाच्या पाचव्या रांगेत एका टकलू गृहस्थांनी माझ्याबद्दल, पण माझ्याकडे न बघता, छताला उद्देशून उच्चारला.

आमच्या बिबवेवाडीच्या बाजूला जे नाट्यगृह आहे तिथे दर फेब्रुवारीत व्याख्यानमाला असते. सोमवार ते शनिवार, रोज संध्याकाळी साडेसहाला एक नामवंत वक्ता. प्रवेश विनामूल्य. आणि विनामूल्य म्हटलं की पुण्यात नुसतं वेळेवर येऊन भागत नाही. साडेसहाच्या व्याख्यानाला पाचपासून लोक येऊन बसतात आणि पावणेसहाला येणाऱ्याकडे, लग्न लागल्यावर आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात.

तिथल्या पाचव्या रांगेत, डाव्या कडेच्या पहिल्या दोन खुर्च्या आमच्या. म्हणजे आमच्या नावच्या नव्हेत. वर एक पंखा आहे, तो फिरतो तेव्हा कुरकुरतो, म्हणून नवखी माणसं तिथे बसत नाहीत. चंपा आणि मी तिथे वीसेक वर्षं बसलो. चंपा शाळेतून लवकर सुटायची. ती आधी येऊन बसायची आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवायची. मी पाटबंधारे खात्यातला, म्हणजे कायम उशिरा. दिवे मालवल्यावर अंधारात चाचपडत यायचो, रुमाल उचलायचो, बसायचो. ती मान न वळवता कुजबुजायची, “आत्ताच सुरू झालंय.” निम्मं व्याख्यान झालेलं असलं तरी हेच सांगायची. तिचे वडील विहारातली एकही सभा चुकवायचे नाहीत. पुस्तक परवडत नसेल तर भाषण ऐकावं, ते कुणी परत मागत नाही, असं म्हणायचे. त्या घरातून आली होती ती.

आता ती बंगलोरला आहे. मुलगी आम्रपाली तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत, जावईही कॉम्प्युटरच्याच कंपनीत. दोन वर्षांपूर्वी नात झाली तेव्हा चंपा तीन महिन्यांसाठी गेली. बंगलोरचे महिने आपल्यापेक्षा मोठे असावेत, कारण ते तीन अजून भरायचे आहेत. अमेरिकेतली माणसं जागी होतात तेव्हा आमची मुलगी कामाला बसते, मुलगी झोपते तेव्हा नात उठते, आणि या दोघींच्या मधल्या फटीत चंपा उभी असते.

मीही गेलो होतो, नाही असं नाही. पण त्या घरात आजीला काम असतं आणि आजोबांना फक्त सोफा असतो. “बाबा, जरा पाय वर घ्या,” एवढं एकच वाक्य माझ्या वाट्याला यायचं. दीड महिना मी पाय वर घेतले आणि परत आलो.

इथे येऊन कुकर लावतो. एका माणसाचा भात म्हणजे काय, ते कुकरला समजत नाही. त्याची शिट्टी चार माणसांचीच वाजते. दाराला बाहेरून कुलूप घालतानाही मी सवयीने आत एकदा ओरडतो, “येतो गं.” शेजारच्या शकीलाभाभी आधी चमकायच्या. आता आतून त्याच म्हणतात, “हाँ, या सावकाश.”

तर रविवारी चंपाचा फोन आला. “अहो, शनिवारी उल्काताई आहेत असं छापून आलंय का?”

“आहेत. ‘बायकांच्या ओव्या’ विषय आहे.”

उल्काताई म्हणजे डॉक्टर उल्काताई सरदेशमुख. गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या. चंपाने त्यांना ऐकलं होतं ते आम्रपालीच्या जन्माआधी, आणि त्यातल्या ओव्या ती पोळ्या लाटताना म्हणायची. जातं नव्हतं, म्हणून पोळपाटावर.

“मग मी येते,” ती म्हणाली. “विहीणबाई येतायत चार दिवसांसाठी. शनिवारी दुपारच्या गाडीने उतरते, मंगळवारी परत.” आणि हसून म्हणाली, “जागा धरून ठेवा हं.”

हसून म्हणाली, हे मला कळलं होतं. पण दोन वर्षांत तिने मला काही सांगितलंच नव्हतं. गोळ्या घेतल्या का, गॅस बंद केला का, एवढंच विचारायची. हे पहिलं काम होतं. ते मी अंगावर घेतलं.

आता पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते, ती म्हणजे वहिवाट. ज्याच्या शेतातून पाणी वर्षानुवर्षं वाहत आलंय त्याचा पाट कुणी एका सकाळी उठून बुजवू शकत नाही. हक्क कागदावर नंतर येतो, आधी तो सवयीत असतो. आमची वहिवाट दोन वर्षं खंडित झाली होती. ती शनिवारी एकदम सांगून चालली नसती. म्हणून मी सोमवारी पाचच्या आधी जाऊन एका खुर्चीवर बसलो आणि दुसरीवर रुमाल टाकला.

सव्वासहाला ते टकलू गृहस्थ आले.

“इथे कुणी आहे?”

“आहेत.”

“कुठे?”

“यायच्या आहेत.”

“कधी?”

मला खोटं बोलता येत नाही. त्यामुळे खात्यात माझं फार भलं झालं नाही. “शनिवारी,” मी म्हणालो.

ते थोडा वेळ रुमालाकडे बघत राहिले. “आज सोमवार आहे.”

“मला कल्पना आहे.”

“म्हणजे सोमवारचं व्याख्यान ऐकायला त्या शनिवारी येणार?”

“नाही, शनिवारचंच ऐकायला येणार. पण वहिवाट—”

“दशरथ!” त्यांनी हाक मारली. दशरथ म्हणजे नाट्यगृहाचा डोअरकीपर. त्याच्या पाठीमागे भिंतीवर पाटी आहे: ‘रुमाल, पिशवी, छत्री, चष्मा अथवा स्वतःचे कुटुंब ठेवून दुसऱ्याची जागा अडवू नये. आपण घरात नाही, नाट्यगृहात आहात.’ दशरथने रुमाल दोन बोटांत उचलला आणि बाहेरच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिथे त्या दिवशीचे पकडलेले रुमाल ओळीने मांडलेले असतात, जत्रेत हरवलेल्या पोरांसारखे. माझाही त्यात बसला. टकलू गृहस्थ चंपाच्या खुर्चीत बसले, छताला उद्देशून तो शब्द बोलले आणि दहाव्या मिनिटाला झोपी गेले.

रात्री ही हकिकत मी शेजारी मैनुद्दीनभाईंना सांगितली. त्यांचं सोफा-कुशनचं दुकान आहे. खुर्ची या विषयात त्यांना अधिकार आहे.

“ओव्हाळसाहेब, रुमालाला कोण विचारतंय आता?” ते म्हणाले. “जमाना बदलला. माल दिसायला पाहिजे. मी तुम्हाला उशी देतो. उशी बघितली की समोरच्याला वाटतं, माणसाचं काहीतरी ऑपरेशन झालंय. हात लावणार नाही कोणी.”

शकीलाभाभी आतून म्हणाल्या, “साधी द्या हो. नाहीतर देतील जरीची.”

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी दीपाली तेवढ्यात जिन्यावरून उतरत होती. ती हिंजवडीला जाते, कंपनीची गाडी तिला रात्रीच न्यायला येते. तिने सगळं ऐकून घेतलं. “काका, ॲक्च्युअली काकूंनी ट्रॅव्हल कशाला करायचं? तुम्ही लेक्चर रेकॉर्ड करा ना, सीडी कुरिअर करू. काकू आरामात ऐकतील. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.”

“मग शेजारी कोण बसेल?” मी विचारलं.

“कोणाच्या शेजारी?”

 गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

मंगळवारी मैनुद्दीनभाईंनी उशी आणून दिली. जरीचीच होती. लाल मखमल, चारी कोपऱ्यांना सोनेरी गोंडे. कुठल्याशा वलीम्याच्या, म्हणजे निकाहनंतरच्या मेजवानीच्या, ऑर्डरीतली उरलेली. ती छातीशी धरून मी बिबवेवाडीतून चालत निघालो तेव्हा दोन ओळखीच्या माणसांनी रस्ता ओलांडला. पण नाट्यगृहात तिचा प्रभाव विलक्षण पडला. टकलू गृहस्थ आले, त्यांनी उशी पाहिली, जरा नमूनच दोन रांगा मागे जाऊन बसले. मी मनातल्या मनात मैनुद्दीनभाईंना सलाम केला.

सव्वासहाला दशरथ आला. उशी पाहून त्याचा चेहरा उजळला. “ही इथे का ठेवली? वर शोधतायत सगळे!” आणि मी “अहो, अहो” म्हणेपर्यंत तो ती घेऊन स्टेजवर गेला आणि वक्त्याच्या खुर्चीवर ठेवून आला.

त्या दिवशीचे वक्ते मोठे अर्थतज्ज्ञ होते. विषय ‘खुली अर्थव्यवस्था आणि आपण’. भिंती पडल्या पाहिजेत, कुणीही कशावरही आधीच हक्क सांगून बसू नये, जो येईल त्याला जागा मिळाली पाहिजे, असं ते दीड तास सांगत होते, माझ्या उशीवर बसून. मध्ये एकदा म्हणाले, “बाकी पुण्यात इतकी आरामशीर खुर्ची प्रथमच मिळाली.” टाळ्या पडल्या. आभार मानणाऱ्यांनी कुणालाही न विचारता उशी ‘व्याख्यानमालेला भेट मिळाल्याचं’ जाहीर केलं. माझं नाव चुकीचं घेतलं, त्यामुळे मला उठून नमस्कारही करता आला नाही.

बुधवारी मी रीतसर मार्गाने जायचं ठरवलं. व्याख्यानमालेचे कार्यवाह महिपती गोळे. नाट्यगृहामागच्या एका खोलीत त्यांचं कार्यालय आहे. ते समोरच्या माणसाशी बोलताना नेहमी सभेशी बोलल्यासारखे बोलतात.

मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. “आपल्या पत्नी सभासद आहेत?”

“प्रवेश विनामूल्य आहे ना? मग सभासद कसले?”

“तो वेगळा प्रश्न. या भागातल्या रहिवासी आहेत?”

“अर्थात. माझ्याच घरात राहते.”

“सध्या?”

“सध्या बंगलोरला.”

गोळेंनी डोळे उघडले. “म्हणजे राहत नाहीत.”

“राहते. फक्त सध्या इथे नसते.”

हे वाक्य मी दोन वर्षांत पुष्कळ जणांना सांगितलं होतं. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, सोसायटीच्या चेअरमनना. पण त्या खोलीत ते जरा मोठ्याने ऐकू आलं, आणि मला एकदम वाटलं की हे मी नक्की कुणाला पटवून देतोय?

“हे बघा,” गोळे म्हणाले, “आपल्याकडे राखीव-बिखीव असलं काही चालत नाही हो, ओव्हाळ.” आणि माझं आडनाव तोंडातून गेल्यावर त्यांना वाक्याच्या पहिल्या भागाची आठवण झाली. ते घाईने पाणी प्यायले. मी त्यांना पाणी पिऊ दिलं. ग्लास पूर्ण संपवून ते फार गोड आवाजात म्हणाले, “पण कार्यकर्त्यांसाठी सोय आहे. कार्यकर्ता आणि त्याचं कुटुंब, मिळून दोन खुर्च्या. आपण कार्यकर्ते व्हा ना!”

मी तिथल्या तिथे कार्यकर्ता झालो. छातीला लाल रिबिनीचा बिल्ला लागला. पाचव्या रांगेतल्या दोन खुर्च्यांच्या पाठीवर मी स्वतः ‘कार्यकर्ता’ असे दोन कागद चिकटवले, आणि पंख्याखाली उभा राहून क्षणभर त्याची कुरकुर ऐकली. चंपाला ती आवडायची. म्हणायची, वक्ता फार लांबला की पंखाच ‘पुरे, पुरे’ म्हणतो.

बुधवारी मला हार आणायला पाठवलं. गुरुवारी माइक तपासताना ‘हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणायला उभं केलं. शुक्रवारी मुख्य दारापाशी रांग लावायला. तिन्ही दिवस मी त्या खुर्च्यांकडे लांबून बघितलं. त्यांवर तिन्ही दिवस दुसरेच कोणी बसले होते, कागदाला पाठ टेकून.

“गोळेसाहेब, मी बसायचं कधी?” शुक्रवारी मी विचारलं.

त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. “ओव्हाळ, कार्यकर्ता बसला की तो श्रोता झाला!”

अर्थात तिन्ही दिवसांच्या वक्त्यांनी काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. मी शहराच्या बौद्धिक जीवनाला इतका जवळून कधीच मुकलो नव्हतो. तरी रात्री घरी येऊन मी कपाटातून चंपाची निळी साडी काढून वाऱ्यावर टाकली. पलंगाच्या तिच्या बाजूवर वर्तमानपत्रं साठली होती, ती उचलली. खाली चादरीचा रंग जरा जास्त गडद होता.

शनिवारी सकाळी गोळे स्वतः घरी आले. उल्काताई दुपारी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात बक्षीस समारंभाला येणार होत्या. तिथून त्यांना घेऊन यायचं. सुमो ठरवली आहे, माणूस जबाबदार पाहिजे.

“दुपारी मला स्टेशनवर—”

“वाटेतच आहे हो! साडेतीनला ताईंना गाडीत बसवा, साडेचारला स्टेशनवर वहिनींना घ्या, पाच-सव्वापाचला सगळे नाट्यगृहात. काय अवघड आहे?”

ऐकायला खरंच अवघड नव्हतं. उलट मी मनात चित्र रंगवलं. चंपा डब्यातून उतरते, मी म्हणतो, चल, गाडी आणलीय, ती दार उघडते तर आत उल्काताई! दोन वर्षांचा एकटेपणा वसूल होईल असं ते चित्र होतं. त्या चित्रात कॉलेजचे प्राचार्य नव्हते, ही चूक झाली.

समारंभ दोनला होता. तो पावणेचारला सुरू झाला. आधी दीपप्रज्वलन, मग ईशस्तवन, मग स्वागतगीत, मग त्याच मुलींचं पुन्हा एक गीत कारण पेटी उशिरा आली. मग शाल. मी दारात उभा राहून प्राचार्यांना खुणा करत होतो. ते मला कुणी माजी विद्यार्थी समजून हात हलवत होते. शेवटी एका शिपायाला गाठलं. तो म्हणाला, “अवो, च्या हाय अजून. च्या न घेता कसं सोडतील?”

कॉलेजसमोरच्या फोनच्या टपरीवरून मी मैनुद्दीनभाईंच्या दुकानात फोन लावला. आम्रपालीने दिलेला जुना मोबाइल खिशात होता, पण तो कालपासून नुसता लुकलुकत होता.

“तुम्ही फिकर करू नका,” मैनुद्दीनभाई म्हणाले. “भाभींना मी आणतो. ओळखतो ना मी त्यांना.”

“पण स्टेशनवर मी नाही दिसलो तर ती—”

“काय करतील? मलाच बोलतील. मी ऐकून घेईन तुमच्या वतीने.”

पाच वाजून गेल्यावर उल्काताई गाडीत बसल्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, मांडीवर दोन शाली आणि एक नारळ. हडपसरला उड्डाणपुलाचं खोदकाम चाललं होतं, आणि त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर येऊन उभ्या होत्या. गाड्या थांबल्या. ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळू लागला. मी रस्त्याकडेच्या टपरीवरून पुन्हा दुकानात फोन लावला. घंटा वाजत राहिली. घरी लावला. तिथे तर वाजणारच होती, उचलायला कोण होतं?

“घरी कोण कोण असतं?” मी गाडीत येऊन बसल्यावर उल्काताईंनी विचारलं. नारळाकडे बघत, सहज.

“आम्ही दोघं,” मी म्हणालो. सवयीने.

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मग फोन उचलला नाही तो?”

त्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. रुमाल, उशी, बिल्ला, सगळं. मला वाटलं त्या हसतील. टकलू गृहस्थांच्या ठिकाणी त्या हसल्याही, अगदी पदर तोंडाला लावून. मग म्हणाल्या, “आज तरी बसाल ना तुम्ही?”

“मी कार्यकर्ता आहे.”

“म्हणजे नाही,” त्या म्हणाल्या, आणि ट्रॉल्या हलेपर्यंत आम्ही दोघं उसाकडे बघत बसलो.

नाट्यगृहात पोचलो तेव्हा सात वाजले होते. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. त्या कौतुकाच्या नव्हत्या, सावकाश, एकसुरी होत्या. मागच्या दाराने उल्काताईंना थेट स्टेजवर नेलं. मी सभागृहाकडे वळणार तेवढ्यात गोळेंनी बिल्ल्याला धरून मला मागे ओढलं.

“कुठे? इथे विंगेत थांबा, ताईंना पाणी लागेल. आणि आभार तुम्ही मानायचे. रोज आभार मानणारे हिंदुराव रागावून निघून गेले, उशीर झाला म्हणून.”

“मला फक्त एकदा बघू द्या, पाचव्या रांगेत—”

“आभार!” गोळे म्हणाले आणि पडद्याआड गेले.

विंगेतून मी बघायचा प्रयत्न केला. स्टेजवरचे दिवे डोळ्यांत येत होते. पहिल्या तीन रांगांतली डोकी दिसत होती, चौथीत काही चष्मे चमकत होते, आणि पाचवीपासून पुढे काळोख. ती आलीय का? स्टेशनवर उभी राहून चिडून घरी गेली? की गाडीच आली नाही? की आयत्या वेळी नात तापली आणि ती निघालीच नाही? ते तर दोनदा झालं होतं आधी. मी पाण्याचा ग्लास घेऊन काळोखाकडे बघत उभा राहिलो. तास-सव्वा तास.

उल्काताई बोलत होत्या. गाडीत थकलेली ती बाई कुठे गेली होती कोण जाणे. त्या एका बाईबद्दल सांगत होत्या, पहाटे दळायला बसणाऱ्या, आणि मग चालीवर म्हणाल्या,

मांडिला मी पाट, भवती काढिली रांगोळी
येईल घरधनी, त्याची जागा गं मोकळी

काळोखातून शंभर बायकांनी एकदम श्वास सोडल्यासारखा आवाज आला. त्यातला एखादा तिचा असेल का, म्हणून मी पुढे वाकलो आणि ग्लासातलं पाणी माझ्याच बुटात गेलं. वर कुठेतरी तो पंखा कुरकुरत होता. तेवढं मात्र मला स्पष्ट ऐकू येत होतं.

टाळ्या झाल्या. निवेदिकेने सांगितलं, “आता आभारप्रदर्शन.” सभागृहातले दिवे लागले. मी धावतच माइकपाशी गेलो.

आणि काहीच दिसलं नाही. कारण आभार म्हटल्याबरोबर पुणेकर उठतो. वक्त्याच्या शब्दागणिक मान डोलावणारी आठशे माणसं एकाच क्षणी उभी राहिली, आणि माझ्यापुढे नुसत्या पाठी, पिशव्या, काखेतले स्वेटर. मी आयुष्यात प्रथमच माइकपुढे उभा होतो आणि माझ्याकडे सगळ्या शहराने पाठ फिरवली होती.

“सर्वप्रथम,” मी म्हणालो. पाठी दाराकडे सरकत होत्या. “सर्वप्रथम मी आभार मानतो...” कुणाचे? गोळे विंगेतून नावं सुचवत होते. मंडपवाले, ध्वनिव्यवस्था, अमुक बँक. मी ती म्हणत गेलो. पहिली रांग रिकामी झाली. दुसरी झाली. तिसरीत एक छत्री राहिली होती. चौथीतून एक आजोबा काठी टेकत निघाले, आणि ते बाजूला झाल्यावर पाचवी रांग दिसली.

डाव्या कडेच्या पहिल्या खुर्चीत चंपा बसली होती. पायाशी प्रवासाची बॅग. मान एका बाजूला कललेली, तोंड जरासं उघडं. ती गाढ झोपली होती. बारीक झाली होती. केस तर पुढून सगळेच पांढरे. स्टेशनवरून तशीच इथे आली असणार, थेट, आणि पंख्याखाली टेकल्याबरोबर दोन वर्षांची झोप तिला लागली असणार.

शेजारची खुर्ची रिकामी होती. माणसं भिंतींना टेकून उभी राहिली होती अशा त्या सभागृहात तेवढी एक खुर्ची कुणी घेतली नव्हती. तिच्यावर रुमाल नव्हता. नातीचं लाळेरं होतं, पिवळं, त्याच्यावर ससा. पिशवीत हात घातल्यावर तेच आलं असेल हाताला.

कडेला भिंतीला टेकून ते टकलू गृहस्थ उभे होते. अजून उभेच होते.

दशरथ रांगारांगांतून वस्तू उचलत येत होता. त्याने छत्री घेतली. पाचव्या रांगेपाशी आला आणि लाळेऱ्याकडे हात नेला. चंपाने डोळे उघडले नाहीत. नुसता तळवा उचलून त्या सशावर ठेवला आणि झोपेतच म्हणाली, “येतायत.”

“राहू दे रे, दशरथ,” टकलू गृहस्थ छताकडे बघत म्हणाले. “आज शनिवार आहे.”

“आलो,” मी म्हणालो.

माइक चालू होता. ते दाराबाहेरच्या कर्ण्यांतूनही ऐकू गेलं, असं नंतर मैनुद्दीनभाई म्हणाले. गोळे “समारोप, समारोप” म्हणत होते, पण मी पायऱ्या उतरून खाली आलो होतो. वाटेत बिल्ला काढून खिशात टाकला. लाळेरं उचललं. त्याला दुधाचा वास येत होता. बसलो. खुर्चीची स्प्रिंग जिथे पूर्वी टोचायची तिथेच टोचली.

दशरथ एकेक पंखा बंद करत गेला. आमच्यावरचा शेवटी ठेवला.

बऱ्याच वेळाने चंपा हलली. डोळे न उघडता तिने चाचपून माझी बाही धरली.

“सुरू झालं?” तिने विचारलं.

समोर स्टेज रिकामं होतं. लाल उशी तेवढी खुर्चीवर होती.

“नाही अजून,” मी म्हणालो. “झोप तू. मी सांगतो.”